शेलकाका आणि नवा शेल

शेलकाकांनी माझ्यासमोर कधी एकही ओळ कॉपी-पेस्ट केली नाही. दुसऱ्याचा कोड शेजारी उघडा ठेवून ते दोन बोटांनी एकेक अक्षर टाइप करत. बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. कोणी टोकलंच, तर म्हणत, "चिकटवलेलं हातात बसत नाय."

पनवेलजवळच्या एका कंटेनर गोदामाच्या संगणक विभागात आम्ही दोघंच होतो. मी नवीन पनवेलची, पदवी भिंतीवर टांगलेली. काका जवळच्याच गव्हाण गावचे. शेती आणि मिठागर सरकारी प्रकल्पात गेलं, बदल्यात गोदामाच्या गेटवर नोंदी करायची नोकरी मिळाली. तिथून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून संगणकाला कामाला लावायला ते आपलेआपण शिकले. त्या आज्ञांच्या भाषेला शेल म्हणतात, म्हणून ते सगळ्यांचे शेलकाका. आल्यागेल्या कंटेनरची रोजची जुळणी त्यांनी लिहिलेल्या आज्ञांच्या याद्या, म्हणजे स्क्रिप्टच करत.

मग कंपनीने यंत्रणा बदलली आणि शेलही नवा आला. साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं, सगळ्या स्क्रिप्ट नव्या भाषेत लिहून दाखवा, नाहीतर तुमच्या जागेचा विचार करावा लागेल. काकांनी पन्नाशी ओलांडली होती, धाकटी मुलगी कॉलेजात होती. शिकवायचं काम माझ्याकडे आलं.

त्यांची बोटं ऐकेनात. जुन्या शेलमध्ये एका आज्ञेचं उत्तर पुढच्या आज्ञेकडे नुसता मजकूर म्हणून जायचं, आणि त्यातून हवा तो रकाना कापून काढायचा. नव्यात सगळी माहिती आपापल्या नावांसकट एकत्रच पुढे जाते. काका तरी आपले कापतच बसायचे. एक दिवस डबा खाताना स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "म्हंजे आतापर्यंत तुकडे पाठवत होतो, आता अख्खा पापलेट पाठवायचा." त्यानंतर त्यांना ते पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही.

नव्या शेलमधली एक सोय त्यांना फार आवडली. आज्ञेपुढे एक शब्द जोडला की ती प्रत्यक्ष चालत नाही, चालवली तर काय काय होईल ते आधी सांगते. काकांनी ती दोनतीनदा वापरून बघितली. "जमीन देताना आमाला कोनी असं दाखवलं असतं तर," म्हणाले. मग आम्ही फायली पुसायची स्क्रिप्ट पुढे लिहायला घेतली.

प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर ते मराठीत लिहून ठेवत: हे काय करतं, कशासाठी करतं, अडलं तर कुठे बघायचं. इतकं स्वच्छ की कालच आलेल्या माणसालाही चालवता यावं. मला त्याचीच धास्ती वाटायला लागली. शेवटी मी धीर करून सांगितलं, "काका, थोडं तरी डोक्यात ठेवा. सगळेच ठेवतात. नाहीतर तुमची गरज काय उरणार?"

त्यांना हे कळत नव्हतं असं नाही. माझ्याआधीच कळलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मग काय, वाईट लिवू?" ते शांतपणे म्हणाले, आणि पुढची ओळ टाइप करायला लागले.

सगळ्या स्क्रिप्ट पहिल्याच दिवशी बिनबोभाट चालल्या. साहेबांनी पाठ थोपटली. काही महिन्यांनी त्यांनीच काकांना समजावलं, आता इथे दोघांचं काम राहिलेलं नाही, गेटवरही नोंदी यंत्रच करतं. काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. मला त्या दिवशी संताप आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. काका मात्र सगळ्यांना पेढे देऊन गेले.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. मुलीचं बरं चाललंय म्हणतात, मग विचारतात, "चालतंय ना समदं?" मी चालतंय म्हणते. "मग बरं," म्हणून ते फोन ठेवतात. एखाद्या दिवशी काहीतरी बिघडावं आणि काकांना बोलावून घ्यायला निमित्त मिळावं, असं मला सारखं वाटतं. पण काही बिघडतच नाही.