बारीक तंगूस आणि शेजारची खुर्ची

मासे धरायचं सामान निवडताना मी आधी पाणी बघतो, मग मासा, आणि काठी सगळ्यात शेवटी. बरेचजण उलटं करतात. लांबलचक काठी, जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि मोठाले गळ घेऊन येतात आणि पिंपळगाव जोग्याच्या धरणावर सकाळभर पाणी झोडपत बसतात. हिवाळ्यात तिथलं पाणी इतकं निवळतं की कमरेइतक्या खोलीवरचे गोटे मोजता येतात. आपल्याला गोटे दिसतात, तसा माशाला दोरा दिसतो. अशा पाण्यात काम बारीकच करावं लागतं.

काठी हलकी, शेंड्याला नरम. रीळ लहान. तंगूस जेमतेम केसाहून जाड. शिसं सगळ्यात खाली आणि त्याच्या वीतभर वर लहानसा गळ, म्हणजे गांडूळ तळाच्या चिखलात न बुडता माशाच्या तोंडासमोर राहतं. गांडूळ रबरी, बोटाच्या पेराएवढं. टाकल्यावर शिसं तळाला टेकू द्यायचं, आणि तिथून पुढे जवळजवळ काही करायचं नाही. शेंडा नुसता थरथरवायचा. शिसं जागचं हलता कामा नये, गांडूळ मात्र जिवंत वाटलं पाहिजे. इथला मासा म्हणजे चिलापी. चिलापी हिसका देत नाही, ती गांडूळ तोंडात घेते तेव्हा दोरा किंचित सैल पडतो. तेवढं बोटाला कळलं की मनगट उचलायचं.

हे सगळं मी माशांसाठी शिकलो असं लोकांना वाटतं. खरं तर मी ते शेठसाठी शिकलो.

मी ओतूरला पाण्याच्या मोटारींचे सुटे भाग विकतो. शेठचं कापडाचं दुकान माझ्या समोरच आहे. त्यांचे आजोबा मारवाडातून इथे आले. शेठ मात्र बोलायला लागले की कोणी ओतूरच्या बाहेरचं म्हणणार नाही. मुलीला बाळ झालं तेव्हा माझी बायको तिच्याकडे पुण्याला गेली आणि मुलीची नोकरी सुरू झाल्यावर तिथेच राहिली. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. आठवड्याची भाजी रविवारी संध्याकाळी, धुणं सोमवारी, गॅसचा नंबर भिंतीवर लावलेला. घर चालतं. फक्त रविवारची सकाळ कुठल्याच रकान्यात बसेना, म्हणून मी धरणावर जायला लागलो. शेठना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. एकदा ते माझ्या गाडीत बसून आले, काठाने चालून झाल्यावर माझ्या शेजारी घडीची खुर्ची टाकून बसले, आणि मग दर रविवारी यायला लागले.

मी गळाला गांडूळ लावू लागलो की ते डोंगराकडे बघायचे. पहिल्या दिवशी पिशवीत मासा फडफडला तेव्हा ते उठून पार बाभळीपर्यंत गेले आणि आवाज थांबेपर्यंत परतले नाहीत. पुढच्या रविवारी मी रबरी गांडूळ आणलं. मग मासा घरी न्यायचं सोडलं, लागला की ओल्या हाताने सोडवून पाण्यात. मग पकडीने गळाचा उलटा काटा दाबून टाकला, म्हणजे माशाच्या ओठाला फार इजा होऊ नये. मग गळ आणखी लहान झाला, त्यामुळे तंगूस आणखी बारीक करावं लागलं. माझं सामान असं एकेक पायरी उतरत हलकं झालं. शेवटी शेठ शिशाची गाठ मारून द्यायला लागले. कापडाचे गठ्ठे बांधून बांधून त्यांची बोटं गाठीला पक्की होती. गळाची गाठ मात्र मीच मारायची, हे न ठरवता ठरलं होतं.

काठावर म्हशी चारायला येणारा एक गडी आमची फार मजा घ्यायचा. माझा दोरा उन्हात धरून म्हणायचा, "पावणं, ह्यानं मासं धरताय का गोधडी शिवताय?" मी चिलापी सोडून दिली की त्याच्या जिवावर यायचं. घरी झोपून राहिला असतात तर तुमचीबी झोप झाली असती आन् त्या माशाचीबी, असं तो शेठकडे बघून म्हणायचा, आणि शेठ पोट धरून हसायचे.

पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, तेव्हा मी जात नाही. त्या चातुर्मासात गावात जैन महाराज मुक्कामाला होते आणि शेठ रोज सकाळी प्रवचनाला जात. एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना ते माझ्या काउंटरशी आले. करणं, करवणं आणि दुसऱ्याच्या करण्याला मनातून हो म्हणणं, तिन्हींचं पाप सारखंच असतं, असं त्यांनी प्रवचनात ऐकलं होतं.

मी म्हटलं, "शेठ, तुम्ही तर गळाला हातही लावत नाही."

"हात न्हाई लावत. पण तुमचा दोरा हलला की माजा श्वास अडकतो, भाऊ. मासा लागावा आसंच वाटतं मला. दर बारीला."

त्यांनी नियम घेतला होता. मी मासे धरत असताना धरणावर यायचं नाही.

मी ही अडचण सामानाची आहे असं धरलं. माझं तसंच आहे, पंप पाणी ओढत नसला की मी वायसर बदलतो. दिवाळीनंतर पाणी निवळलं तेव्हा शेठकडे जाऊन मी सांगितलं की आता गळच नको. नुसतं शिसं टाकू, तळ चाचपू आणि परत येऊ. शेठनी बराच विचार केला. मग म्हणाले, गळ न्हाई म्हणता तर चालंल.

त्या रविवारी दोघांच्याही हातात काठ्या होत्या. मी त्यांना शिकवलं. शिसं मऊ रुतलं तर गाळ, टकटक करत आलं तर गोटे, अडखळून एकदम सुटलं तर धरणाखाली गेलेल्या जुन्या शेताचा बांध. शेठना ते लगेच जमलं. "हितं बांध हाय," ते डोळे मिटून म्हणायचे, "आन् हितनं पलीकडं वावर." मीही रमलो. पण जरा वेळाने माझं लक्ष पाण्यावर उठणाऱ्या वलयांकडे जाऊ लागलं. काठाजवळ मासे वर येत होते. तेवढ्यात माझा दोरा सैल पडला. एखादी चिलापी शिशालाच तोंड लावून गेली असावी. मी मनगट झटक्याने उचललं. रिकामं शिसं पाण्यातून उडून आमच्या दोघांच्या मधे येऊन पडलं.

म्हशीवाला असता तर बरं झालं असतं, काहीतरी बोलला असता. तो त्या दिवशी नव्हता.

शेठनी आपला दोरा सावकाश गुंडाळला. म्हणाले, "गळ काढला आपण, पण काय निघालं न्हाई, भाऊ. तुमी झटका मारला तवा मीबी मनात म्हणलो, लागला."

मी म्हटलं, पुढच्या वेळी दोराही नको, नुसते बसू. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तुमी पाण्याकडं बघत बसणार आन् मी तुमच्याकडं, म्हणाले. तुमची गंमत माज्यापायी घालवू नका, तुमी तुमच्या पद्धतीनं जात जा. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला समजूत तरी घालता आली असती.

आता मी एकटाच जातो. उलटा काटा दाबलेला गळ आणि रबरी गांडूळ तेच ठेवलंय. जाडं सामान परत घ्यावंसं वाटलं नाही. मासे लागतात, कधी कधी फार चांगले लागतात. सोमवारी दुकान उघडलं की शेठ चहाला बोलावतात. आम्ही टोमॅटोच्या भावाबद्दल बोलतो, माझ्या नातीबद्दल, त्यांच्या साखरेबद्दल बोलतो. काल कसं झालं, हे ते विचारत नाहीत. विचारणंही त्या तिसऱ्यात, मनातून हो म्हणण्यातच येत असणार. मी चहा संपवतो, कप खाली ठेवतो आणि रस्ता ओलांडून माझ्या दुकानात येतो.