अडकणारी बंदूक

बिघडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात. नव्वदच्या दशकात आखातात, मुहर्रकला एअरपोर्टच्या वर्कशॉपमध्ये होतो, तेव्हा रनवेवरची पाखरं मारायला ठेवलेली बावीस बोअरची रायफल एकदा माझ्या टेबलावर आली.

ती चालवायचा देवगडकडचा आमचा ड्रायव्हर. एक गोळी झाडली की रिकामं काडतूस आतच अडकून बसायचं. मग हा हॉर्न वाजवत पिकअप पळवायचा, पारवे उडून जायचे, आणि साहेबाला तिकडच्या अरबी-हिंदी खिचडीत सांगायचा, "गन मफी साहब, फिर अटक गया!" मफी म्हणजे नाही, बंद. साहेब वैतागला आणि रायफल माझ्याकडे धाडली.

"ऱ्हवांदे रे, घाई नाय," ड्रायव्हर म्हणाला. मला वाटलं, काय आळशी माणूस आहे!

काडतुसाची कड धरून ते बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर, नखाएवढा तुकडा तो, झिजून गुळगुळीत झाला होता. तसलाच दुसरा बसवला असता तर पुन्हा रड तीच. मी चांगल्या पोलादाचा घडवला, टोक नीट काढलं, स्प्रिंग दमदार घातली. साहेबानं स्वतः झाडून पाहिलं. काडतुसं टणाटण बाहेर! साहेबानं चारचौघांत पाठ थोपटली आणि मी दोन दिवस फुगून फिरलो.

त्यानंतर पिकअपच्या मागे मेलेले पारवे दिसायला लागले. साहेब रोज विचारायचा, आज किती? ड्रायव्हरकडे आता सबब उरली नव्हती. एक दिवस तो वर्कशॉपमध्ये आला आणि दार लोटून घेतलं.

"जुनो तुकडो हा मां तुझ्याकडे? तोच बसव परत."

"का रे बाबा?"

"अडकायची तां बरां होतां रे. हॉर्नान उडान जायत बापडे. आता माका मारूचे लागतत."

जुना तुकडा ड्रॉवरमध्येच होता. पण माझं डोकं फिरलं. "माझ्या हातचं काम मीच बिघडवू? वेडा का खुळा तू? उद्या इंजिनात पाखरू गेलं म्हणजे?" विमानाचं मी आपलं पुढे केलं. खरं सांगायचं तर मला ती शाबासकी सोडवत नव्हती. तो दार उघडून निघून गेला.

त्याची बायकापोरं गावी, म्हणून दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला असायचा. जेवणाआधी आमची बुद्धवंदना. तो हिंदू, पण हात जोडून मागे बसायचा, आणि ऐकून ऐकून पंचशील त्याला तोंडपाठ झालं होतं. त्या शुक्रवारीही आला. मी सवयीनं सुरू केलं, "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि." जीवहिंसा करणार नाही, हे पहिलं शील. मागून त्याचा आवाज आला नाही. वळून पाहिलं तर ओठ मिटलेले, नजर खाली. दुसऱ्या शिलापासून तो आमच्याबरोबर म्हणू लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी पाचही शीलं म्हणून टाकली.

स्वयंपाकघरात बायकोनं हळूच विचारलं, "भाऊजींनी आज पहिलं शील घेतलं नाही का हो?"

"विसरला असेल," मी म्हणालो.

"विसरतील कसे? तुम्ही तर केवढ्यानं म्हणत होतात," ती म्हणाली, आणि त्याचं ताट माझ्या हातात दिलं.