उन्हाळीचं पान

हे माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय — कोण जाणे. तुम्ही शैलाला ओळखत नाही, म्हणून असेल.

शैला मुलुंडला आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहते. रानफुलं बघत हिंडणाऱ्या आमच्या गटात तिला मीच आणलं. नवरा गेल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली होती — मला दया आली. दया करायला बरं वाटतं, नाही का? पण दोन पावसाळ्यांत ती माझ्या पुढे गेली. मी पुस्तक उघडेपर्यंत ती नाव सांगून मोकळी. गटात शब्द माझा चालायचा, आणि आता पुढची सहल शैलाने न्यावी असं लोक बोलू लागले. माझी दया तिथेच आटली.

त्या वर्षी आम्ही सोलापूरकडच्या कोरड्या माळावर गेलो. पाऊस नावालाच झालेला. खडकात एक झुडूप होतं, जांभळट फुलांचं — अगदी वाटाण्याच्या फुलासारखी. शैला म्हणाली, "उन्हाळी."

उन्हाळीची खूण सोपी असते. पान टोकाला धरून ओढलं की ते सरळ तुटत नाही, बाणाच्या शेपटासारखी खाच पडते. मी सगळ्यांकडे पाठ करून एक पान ओढलं. खाच पडली — स्वच्छ. बरोबर होती ती. मग मी काय करायला हवं होतं? तुकडे मुठीत दाबले आणि वळून मोठ्याने म्हणाले, "काहीतरीच काय गं! रानातली नीळ आहे ती. किचनमधला कढीपत्ता तरी ओळखतेस ना?"

लोक खो-खो हसले. शैलाने खात्री करायला पानाकडे हात नेला, तर मी तिचं मनगट धरलं. रानातलं काही तोडायचं नाही, हा गटाचा नियम. तो मी तिला सगळ्यांदेखत ऐकवला — दुसऱ्या मुठीत ते पान असताना! तिने हात मागे घेतला. वर सॉरीही म्हणाली.

सहल अर्थात मीच नेली. शैला त्यानंतर कधी आली नाही.

हल्ली ती खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालताना मला हाक मारते. "ही सदाफुलीच ना गं? तू एकदा बघ ना." सदाफुली! शेंबडं पोरही ओळखेल. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसा मी काढून घेतला — हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?

मी कुंडीजवळ वाकते. उगाच एक पान उलटून बघते, जरा वेळ लावते, मग हो म्हणते. तेवढा वेळ ती माझ्या तोंडाकडे बघत उभी असते — आणि मला बरं वाटतं. अजूनही.