पावलावरचा खड्डा

यमूवन्संनी माझ्या सुमनच्या पावलावर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा पडला. आम्ही दोघी बघत राहिलो... तो भरून आला नाही. "वहिनी, ही पोर लठ्ठ नाही झाली वं. पाणी आहे हे," त्या म्हणाल्या. सुमन तेव्हा सव्वा वर्षाची. त्या सकाळी तिला मानही धरवत नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी यमूवन्सं गेल्या. माझ्या थोरल्या नणंद. त्यांच्यावर काही लिही, असं पुतण्या म्हणाला. मी चौथीपर्यंत शिकलेली, सजवून लिहिणं मला जमत नाही. जे झालं ते सांगते.

सुमन वर्षाची झाली तेव्हा मला पुन्हा दिवस गेले आणि अंगावरचं दूध आटलं. घरात गाय होती. पण पेपरात एका विलायती पिठाची बातमी आली होती. कोणा डॉक्टरचं मत, कोणा आईचं पत्र, शेजारी गुटगुटीत बाळाचं चित्र. नागपुरात सक्करदऱ्याच्या आमच्या आळीत वाचता येणारी बाई मी एकटीच, त्याचा मला ताठा. डबा आणवला. पाण्यात शिजवून सुमनला तेवढंच देत राहिले. तिचे गाल फुगले. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या, "पाहा, चित्रातल्यासारखी दिसून राहिली!" पोर हसायची थांबली, केस तांबूस पडले, तरी मला ती गोरी होतेय असंच वाटलं. मग रामटेकहून वन्सं आल्या आणि त्यांनी अंगठा दाबला.

"तो पेपर आण. डबाही आण. वाच मोठ्यानं," त्या म्हणाल्या. त्यांना अक्षर येत नव्हतं. मी आधी बातमी वाचली, मग डब्यावरचं वाचू लागले. दोन ओळींनंतर माझीच जीभ अडली. शब्द न् शब्द तोच होता.

"मंग लिहिणारा अन् विकणारा एकच झाला. त्या आईचं गाव कोणतं?"

गाव दिलेलं नव्हतं.

"दूध आहे म्हणते का त्यात?"

नव्हतं. नुसतं पीठ.

"म्हणजे पेजच आहे, डब्यातली."

सासूबाई उसळल्या, "तुले काय कळते वं यमे? छापणारे काय येडे आहेत?"

"मले पाय कळतो, माय. माह्या बबनचा असाच होता. मी त्याले नुसती पेज पाजत होती, अन् सारं गाव म्हणे, पोरगं कसं बाळसेदार!"

सासूबाईंनीच टांगा आणायला माणूस धाडला.

टांग्याने दवाखान्यात गेलो. डॉक्टरने थोडं थोडं दूध आणि वरणाचं पाणी सांगितलं. वन्संनी त्यालाही सोडलं नाही. "असं देऊन किती लेकरं बरी झालेली पाहिली तुम्ही?" तो चिडला. मग म्हणाला, "बरीच. काही नाही वाचली." बाहेर आल्यावर वन्सं म्हणाल्या, "याचं ऐकू. नाही वाचली तेही सांगते हा."

पुढे दरसाल नवीन काही निघत गेलं. रक्त वाढवणारी बाटली, बुद्धी वाढवणारी भुकटी, आता जीवनसत्त्वांच्या गोळ्या. त्यातलं काही खरंही असेल. वन्सं ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "कोणी खाल्लं? किती दिवस? विकते कोण?" उत्तर मिळालं तर करूनही पाहायच्या. मला मात्र वाचायचाच कंटाळा आलाय.

शेवटी भेटले तेव्हा त्यांचेच पाय सुजले होते. शेजारीण आठ दिवस पाजत असलेल्या कुठल्याशा काढ्याचं गुणगान करत होती. ती गेल्यावर त्यांनी पाय माझ्याकडे सरकवला. "दाब." मी दाबला.

"भरला का?"

"नाही."

"मंग काहून काढा पिऊन तोंड कडू करू? चहा ठेव वं."

घरात लेकरू आलं की माझा अंगठा अजून त्याच्या पावलाकडे जातो. सुना हसतात. हसू देत.

बबन गेला. सुमन जगली.