कार्ड आल्यावर आफ्रिका

आमच्या घरात सगळं 'कार्ड आल्यावर' व्हायचं होतं. सोफा कार्ड आल्यावर, कुत्रा कार्ड आल्यावर, आणि आफ्रिका तर कार्ड आल्यावरच. बॉथेल गावातल्या आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत हीच भाषा. ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना देशाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे परत येताना व्हिसाचं स्टॅम्पिंग, आणि तिथे घोडं अडलं की नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळंच अधांतरी. नवरा म्हणायचा, "थांब ना यार, एकदा कार्ड येऊ दे, मग बघ." कसलं डोंबलाचं बघ! थांबण्यातच आमची सगळी तरणी वर्षं गेली.

आफ्रिका माझी नव्हे, त्याची हौस. पोट सॉफ्टवेअरवर आणि जीव पक्ष्यांवर. शनिवारी सकाळी बाकीचे नवरे ग्रोसरी आणायचे, हा दुर्बीण गळ्यात अडकवून कुठल्यातरी पाणथळीत चिखल तुडवायचा. लहानपणी गावच्या तळ्यावर त्याने कमळपक्षी पाहिला होता. त्या पक्ष्याचा आफ्रिकेतला भाऊबंद बोट्स्वानात, ओकावांगोच्या पाणथळीत असतो, तो त्याला एकदा पाहायचा होता. या पक्ष्यांत बाई अंडी घालून चालती होते आणि बाप पिल्लांना पंखाखाली घेऊन कमळाच्या पानांवरून हिंडतो, हे त्याने प्रत्येक पार्टीत प्रत्येकाला सांगितलेलं. मी म्हणायचे, "शीक जरा त्या पक्ष्याकडून." सगळे हसायचे. तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

कार्ड आलं, तेव्हा हा दुकानातून घरी यायचा रस्ता विसरायला लागला होता. डॉक्टरीण म्हणाली, पन्नाशीत स्मृतिभ्रंश कमी जणांना होतो, पण होतो. आणि गेलेलं परत आणणारं औषध नाही. एवढी वर्षं कुठल्याच रांगेत आमचा नंबर लवकर लागला नाही, इथे मात्र लागला.

मी ताबडतोब बुकिंग केलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, ही वोन्ट इव्हन रिमेंबर इट." मी खेकसले, "मला राहील ना लक्षात!" पण खरं सांगायचं तर मी त्यासाठी जातच नव्हते. मला वाटत होतं, तो पक्षी दिसला की ह्याच्या डोक्यातला दिवा लागेल. एकदा तरी माझ्याकडे वळून, माझा तो नवरा म्हणून, "बघ, बघ!" म्हणेल. एवढंच हवं होतं. तोवर तो मला कधी बायको समजायचा, कधी बहीण, कधी कोणीच नाही.

शेवटचा प्रवास इवल्याशा विमानाने. कॅम्प म्हणजे पाण्याकाठी मोजके तंबू. तंबू म्हणायचं आपलं! आत पितळी नळांचा टब, पांढरी शुभ्र गादी, बाहेर लाकडी डेक, डेकवरून दिसेल तिथवर पाणी आणि लव्हाळं. आमच्या बॉथेलच्या घरापेक्षा झकपक. मॅनेजरबाईंनी नियम सांगितले: अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही, आणि काही संकट आलंच तर उशाशी ठेवलेला भोंगा वाजवायचा. मी मनात म्हटलं, बाई गं, माझं संकट मी सोबतच आणलंय.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी तोंड धुवायला आत गेले, तेवढ्यात ह्याने तो भोंगा वाजवला. चार-पाच माणसं धावत आली, एकाच्या हातात बंदूक. हा डेकवर खुर्चीत बसून पुन्हा वाजवत होता, खूश होऊन. "खेळणं आहे का ते?" मी ओरडले आणि हिसकावूनच घेतला. त्याचं तोंड एवढंसं झालं. लोक म्हणाले, काही हरकत नाही, होतं असं. मी सॉरी सॉरी म्हणत राहिले. ते गेल्यावर त्याच्या हातात बिस्कीट दिलं आणि त्याच टबाच्या काठावर बसून पोटभर रडले. एवढ्या सुंदर जागी मी कधीच रडले नव्हते.

शेवटच्या सकाळी आम्हाला अरुंद होडीतून नेलं. मागे उभा राहून एक जण लांब काठीने होडी ढकलत होता, पुढे नवरा, मध्ये मी. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसत होती. आजूबाजूला कमळं. माझा जीव टांगणीला. नुसतं मनात चाललेलं, ये बाबा, ये एकदाचा.

आणि तो आला. तपकिरी अंग, निळं कपाळ, कोळ्याच्या पायांसारखी लांबलचक बोटं. पानावर उभा. पंखाखालून पिल्लांचे पाय लोंबत होते.

"अरे बघ!" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बघ, तुझा कमळपक्षी!"

त्याने बराच वेळ पाहिलं. मग हळूच, अगदी त्याच्या जुन्या आवाजात म्हणाला, "बाप आहे तो."

मी होडीत पुढे सरकले.

"बाई अंडी घालून जाते," तो म्हणाला. "हा सांभाळतो. पंखाखाली घेतलीयत बघा, पाय दिसतायत ना, ते पिल्लांचे." एकेक शब्द जागच्या जागी. अगं बाई, लागला की दिवा! मी डोळे पुसत "हो, हो" म्हणत होते. त्याला बोलू दे, थांबू नको देऊ, एवढंच मनात.

मग तो मान वळवून माझ्याकडे बघून हसला. चारचौघांत पाहुण्यांकडे बघून हसावं तसं, आदबीने.

"काकू, तुम्ही एकट्याच आलात? तुमचे मिस्टर नाही आले?"

पक्षी सगळा परत आला होता. मी त्यात नव्हते. होडी पुढे सरकत होती, मागच्या माणसाला मराठी कळत नव्हतं, आणि हा उत्तराची वाट बघत होता.

"नाही हो," मी म्हटलं. "त्यांना नाही जमलं."

"अरेरे," तो खरंच हळहळला. "पुढच्या वेळी नक्की आणा त्यांना. फार आवडेल त्यांना इथे."

आणते, म्हटलं.