शिष्यांचे पाय

साठच्या दशकाच्या शेवटी भाईंदरच्या आमच्या चर्चसाठी मी शिष्यांचे पाय धुणाऱ्या येशूचं चित्र काढलं. पाय काढताना मिठागरात राबणाऱ्या माझ्या काकांना समोर बसवलं होतं. मिठाने खाल्लेले, भेगाळलेले ते पाय मी जसेच्या तसे रंगवले.

कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ नाक मुरडून म्हणाले, "असले घाणेरडे पाय वेदीजवळ? जरा साफ कर ना."

"साफ असते तर प्रभूने धुतले कशाला असते?" मी विचारलं.

त्यांनी दुसऱ्या पेंटरकडून ते गुलाबी, गुळगुळीत करून घेतले. रविवारी काकांनी चित्र पाहिलं आणि गुपचूप आपले पाय बाकाखाली ओढून घेतले. मला त्या गुलाबी पायांची शिसारी आली. मिस्साची प्रार्थना अर्धवट सोडून मी बाहेर पडलो.