वरून एक जाम

दिग्रसच्या आठवडी बाजारात जैबुनबीकडून जाम घेतले आणि वरून एक मिळाला नाही, असा माणूस शोधूनही सापडायचा नाही. जाम म्हणजे पेरू. आमच्याकडे कोणी पेरू म्हणालं की बाजारवाली लगेच ओळखते, हा पाहुणा आहे. तर तराजूचं पारडं आधीच गिऱ्हाइकाकडे झुकलेलं असतं, तिखट-मिठाची पुडीही मिळालेली असते, आणि तुम्ही पिशवीचं तोंड बांधायला घेता तेवढ्यात जैबुनबीचा हात पुढे येतो. "हा वरून!" बागवानाच्या घरात जन्मली, बागवानाच्याच घरात नांदली. नवरा रहमत गेला, टोपली एकटीच्या डोक्यावर आली, पण वरचा जाम काही सुटला नाही. त्याच्याशिवाय सौद्यात बरकत नसते असं ती मानते, आणि ज्याला हे पटत नाही त्याच्याशी चार लोकांत भांडते.

अशी ही बाई गेल्या हिवाळ्यात चक्क विदेशी व्यापारात शिरली. झालं असं, की गावातल्या कपिलने गावाबाहेरच्या कपाशीच्या वावरात गुलाबी गराच्या जामाची बाग लावली होती. घरचे म्हणत, पोराचं डोकं फिरलं. पण बाग अशी धरली की बघणारा उभाच राहावा. कपिलने वावरातच पत्र्याची मोठी शेड घातली, थंड खोली बांधली, आणि मुंबईच्या एका निर्यातदाराशी बोलणी केली. चांगलं फळ विमानाने शारजाला जाणार. डागी फळाच्या फोडी होणार आणि त्या गोठवून नंतर जहाजाने जाणार. फळं निवडायला त्याने जैबुनबीला बोलावलं.

"चाची, आपले जाम शारजाले चालले. येता का?"

शारजाचं नाव ऐकलं आणि जैबुनबी हातातली टोपली ठेवून उभी राहिली. तिची एकुलती एक लेक गझाला लग्न होऊन शारजालाच गेली होती. सध्या तिला दिवस गेले होते आणि पोरीने जामाचा ध्यास घेतला होता. रोज फोनवर एकच रडगाणं. "अम्मी, यहाँ के जाम में नुसता पानी है." आता आईने करायचं काय? आंबट-गोड सांगितलं असतं तर डबा भरून एखाद्या जाणाऱ्याबरोबर धाडला असता. ताजा जाम कोणाच्या हाती द्यायचा? आणि इथे तर अख्खी गाडी भरून निघाली होती!

तिने पहिलं काम काय केलं असेल, तर निर्यातदाराचा माणूस रजत शेडवर आल्याबरोबर त्याला गाठलं. शारजात माल कोणत्या दुकानात उतरणार, ते नाव त्याच्याकडून घोकून घेतलं आणि जावयाला कळवलं. मग ती कामाला लागली.

माल निघायच्या दिवशी शेडमध्ये लगीनघाई होती. बाया पहाटेपासून फळं पुसत होत्या, एकेका फळाला पांढरी जाळी चढवत होत्या. कपिलची बायको निशिगंधा प्रत्येक खोकं काट्यावर ठेवून वजन बघायची आणि पुढे सरकवायची. थंड गाडी दारात घरघरत होती. ती दुपारी निघाली तरच नागपूरचं विमान मिळणार होतं. जैबुनबीच्या पायाला तर भिंगरी लागलेली. वजन झालेल्या, अजून झाकण न लावलेल्या खोक्यांच्या रांगेवरून ती स्वतः हात फिरवत गेली. निशिगंधाला वाटलं, चाची शेवटची नजर टाकून राहिली आहे. तिच्यामागून बाया चिकटपट्टी लावत गेल्या.

गाडीत चढवण्याआधी रजतने सहज एक खोकं उचललं आणि थबकला. झाकण पोटुशीसारखं वर आलेलं. त्याने ते काट्यावर ठेवलं. कागदावर लिहिल्यापेक्षा वजन जास्त. दुसरं ठेवलं, तेही जास्त. तिसरं उघडलं, तर जाळीतल्या फळांच्या मधोमध एक उघडाबोडका जाम आरामात बसलेला.

"हा कोणी ठेवला?" कपिल ओरडला.

"म्या ठेवला," जैबुनबी अभिमानाने म्हणाली. "वरून एक. वजन झाल्यावरच ठेवतात न बाप्पा!"

कपिलने कपाळाला हात लावला. "चाची, कायले केलं हे? हा का सोमवारचा बाजार हाये?"

रजतने समजावून सांगितलं. कागद आणि वजन जुळलं नाही तर विमानतळावर सगळा माल अडकतो. शिवाय खोक्यावर खोकं ठेवलं की हा मधला जाम शेजारच्यांना चेपणार, आणि तिकडे पोचेपर्यंत अर्ध्या फळांना डाग. "सगळी खोकी उघडावी लागतील. नाहीतर गाडी रिकामी नेतो."

जैबुनबीचं तोंड उतरलं. आपल्या हाताने आपल्याच लेकीच्या घासात माती कालवली, असं तिला वाटलं आणि डोळे भरून आले. पण रडत बसायला वेळ होता कुठे? तिने पदर खोचला. "पाह्यता काय पोरीहो! फाडा पट्ट्या!"

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. एकीने पट्टी फाडायची, जैबुनबीने जाम काढायचा, दुसरीने नवी पट्टी लावायची, निशिगंधाने पुन्हा वजन करायचं. कपिलने खोकी वाहिली. इतका वेळ घड्याळ दाखवणारा रजतही बाह्या सारून चिकटपट्टी ओढायला बसला आणि स्वतःचीच बोटं चिकटवून बसला. बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. जैबुनबीला मात्र हसू येईना. प्रत्येक जाम काढताना ती खोक्याला पुटपुटत होती, "माफ करजो बापा." काढलेल्या जामांचा ढीग फोडी करायच्या टेबलाकडे गेला. शेवटचं खोकं चढलं, दार आपटलं, गाडी धुरळा उडवत निघाली आणि अख्ख्या शेडने टाळ्या पिटल्या.

"गेली रे गेली!" कपिलने चाचीला मिठीच मारली. ती मात्र रस्त्याकडे बघत म्हणाली, "गेली खरी बेटा. पण कोरडी गेली."

दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी ती शेडवर फळं निवडत असताना फोन वाजला. पडद्यावर गझाला, तिच्यामागे झगमगीत दुकान, आणि दुकानात ती पांढरी जाळी! जैबुनबी इतक्या जोरात किंचाळली, की सगळ्या बाया हातातलं टाकून धावल्या.

"अम्मी, मिल गए!" गझालाने तिथेच एक जाम पुसून कचकन चावा घेतला. गुलाबी रस हनुवटीवर आला आणि तिचे डोळे वाहू लागले. इकडे जैबुनबीही रडत होती, हसत होती, फोनवरून हात फिरवत होती.

मागे केरळचा दुकानदार जाम तोलत होता. तोलले, पिशवी बांधायला घेतली.

"ए भाई!" दिग्रसहून आवाज गेला. "थांब! ऊपर से एक कहाँ है?"

दुकानदाराने दचकून फोनकडे पाहिलं. "अम्मा, इधर ऐसा नहीं चलता."

"नहीं चलता? वो जाम मेरे हाथ के हैं. हर डिब्बे में एक ऊपर से डाला था मैंने. इन लोगों ने निकलवाया. अब तू डाल!"

दुकानदाराने गझालाकडे बघितलं, तिच्या पोटाकडे बघितलं आणि तो हसायला लागला. त्याने खोक्यातला सगळ्यात मोठा जाम निवडला आणि पिशवीत टाकला. मग जरा थांबून आणखी एक टाकला.

"ये दूसरा किसका?" गझालाने विचारलं.

"आनेवाले का," तो म्हणाला.

जैबुनबीने पदराने डोळे पुसले आणि कपिलकडे वळून म्हणाली, "आता झाला सौदा."